मदत हवी आहे: झिंक ऑक्साइडचे नॅनोकण झाले, पण मेथिलीन ब्लूचा रंग काही उडेना

एमएस्सीच्या प्रकल्पात प्रकाश आणि झिंक ऑक्साइड वापरून मेथिलीन ब्लू या निळ्या रंगाचं विघटन करायचंय, पण आठवडाभर एकाच ठिकाणी अडकलोय.

झिंक अ‍ॅसिटेटच्या द्रावणात सोडियम हायड्रॉक्साइड थेंबथेंब सोडलं, पांढरा साका धुऊन ८० अंशांवर वाळवला आणि मफल फर्नेसमध्ये ४५० अंशांना दोन तास भाजला. एक्सआरडीत (क्ष-किरणांनी स्फटिक ओळखण्याची चाचणी) ३१.८, ३४.४ आणि ३६.२ अंशांची तिन्ही शिखरं जागच्या जागी आहेत. म्हणजे झालंय ते झिंक ऑक्साइडच.

घोडं पेंड खातं ते पुढे. लिटरला १० मिलिग्रॅम रंग, अशा १०० मिली द्रावणात ५० मिलिग्रॅम भुकटी घातली. अर्धा तास अंधारात ढवळलं, मग दोन तास पांढऱ्या एलईडीखाली. रंग किती उरला ते सांगणारं ६६४ नॅनोमीटरचं शोषण जेमतेम १४ टक्क्यांनी उतरलं. भुकटी दुप्पट केली, तर शोषणाचा आकडा उलट वर गेला. आणि भुकटी न घालता ठेवलेल्या ब्लँकमध्येही रंग ९ टक्के उतरलाय! माझ्या कणांचं कर्तृत्व उरलं पाच टक्के.

सर म्हणतात, भाजण्याचं तापमान बदल. मला संशय पीएचचा आहे (सध्या साडेसहा). या पीएचला झिंक ऑक्साइडचा पृष्ठभाग धनभारित असतो आणि मेथिलीन ब्लूही धनभारित, मग ते जवळ येणार कसे? आधी काय बदलू?

उत्तर
आधी दिवा बदला, फर्नेसला तूर्तास हात लावू नका. झिंक ऑक्साइडचा बँड गॅप (त्यातला इलेक्ट्रॉन मोकळा करायला लागणारी किमान ऊर्जा) साधारण ३.३ इलेक्ट्रॉन व्होल्ट, म्हणजे त्याला ३८० नॅनोमीटरच्या आतबाहेरचा किंवा त्याहून आखूड प्रकाश लागतो. पांढऱ्या एलईडीचा निळा भाग ४५०च्या आसपास असतो, अतिनील जवळपास नाहीच. ब्लँक उतरला कारण रंग स्वतःच दृश्य प्रकाश शोषतो. ३६५ नॅनोमीटरचा अतिनील दिवा घ्या, गॉगल लावूनच.

पीएचचा तर्क बरोबर आहे, नऊच्या वर नेऊन बघा. पण जास्त अल्कलीत हा रंग आपणहूनही बदलतो, म्हणून दर पीएचला वेगळा ब्लँक हवा. आम्लाकडे जाऊ नका, झिंक ऑक्साइड विरघळेल.

भुकटी वाढवल्यावर आकडा चढला म्हणता, तर नमुना सेंट्रिफ्यूज करून (वेगाने फिरवून, भुकटी तळाशी बसवून) मोजला होता का?

मूळ प्रश्नकर्ता
नाही हो, पाच मिनिटं नुसता खाली बसू दिला होता. म्हणजे गढूळपणाच मोजत होतो! शेजारच्या लॅबमध्ये ३६५चा दिवा आहे. ब्लँकसकट परत लावून आकडे टाकतो.