प्रतिसाद: नावापेक्षा नळीखालचे ठसे बघा

जुनी दुनळी बंदूक कुठली, या प्रश्नावर वर एकांनी लिहिलंय की दोन नळ्यांमधल्या पट्टीवर 'डब्ल्यू. रिचर्ड्स' कोरलंय, म्हणजे ती इंग्लिश. एवढ्यावर भरवसा ठेवू नका. बेल्जियमच्या लिएजमधून अशी इंग्रजी वाटणारी नावं कोरलेल्या बंदुका अमेरिकेत ढिगाने गेल्या. वेस्टली रिचर्ड्स या नामांकित इंग्लिश बंदूक कारखान्याशी त्यांचा काडीचाही संबंध नाही.

नळ्या उतरवा, उलट्या करा आणि खजिन्याखालची (जिथे काडतूस बसतं त्या भागाखालची) सपाट बाजू तेलाच्या फडक्याने पुसा. (पॉलिश पेपर लावाल तर ठसे गेलेच म्हणून समजा!) लंबगोलात 'ईएलजी' आणि खाली तारा दिसला की माल लिएजच्या चाचणीघरातून (जिथे नळ्यांची मजबुती तपासून ठसा मारतात) पास झालेला. त्या लंबगोलावर मुकुट असेल तर १८९३ नंतरची, नसेल तर त्याआधीची. शेजारी पायऱ्यांवर उभा एक बारीक खांब दिसेल, अगदी आपल्या दीपमाळेसारखा. तो 'पेरों', लिएज शहराचं चिन्ह. चौकटीतला १२ म्हणजे बोअर (बंदुकीचं माप, गेज) आणि १८.४ सारखा आकडा म्हणजे नळीचा मिलिमीटरमधला आतला व्यास. सिंहाखाली 'पीव्ही' असेल तर धूररहित दारूची चाचणी झालेली आहे. हा ठसा नसेल आणि नळीवर दमास्कसची (लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून जोडलेल्या नळीची) नागमोडी नक्षी असेल, तर आजचं धूररहित दारूचं काडतूस त्यात घालायचा विचारही नको.

कारखानदार शोधणं मात्र किचकट. मुकुटाखाली 'एएफ' दिसलं तर लिएजचे कारखानदार फ्रँकोट, म्हणजे उत्तम माल. नुसती अनोळखी आद्याक्षरं बहुधा नळी बनवणाऱ्याची असतात, बंदूक विकणाऱ्याची नव्हे. सपाट बाजूचा तिरप्या उजेडातला फोटो टाका, मग बोलू.