सृष्टीपर्व: वृक्षारोपणाच्या फोटोपलीकडे धर्मग्रामाने नेमकं काय करावं?

वाडीकाठ (प्रश्न)

वसईतल्या आमच्या धर्मग्रामात (म्हणजे एका चर्चच्या भाविकांच्या समुदायात) यंदा सृष्टीपर्व, म्हणजे सृष्टीसाठी प्रार्थना आणि कृती करायचा ख्रिस्ती काळ (१ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर), मनापासून पाळायचं ठरलं आहे. एक दिवस रोपं लावायची, फोटो काढायचे आणि पुढच्या वर्षी त्याच खड्ड्यात दुसरं रोप लावायचं, हे आता नको. चर्चचं कौलारू छप्पर साधारण ४०० चौरस मीटर आहे. आवारात एक विहीर, जलपर्णीने भरलेलं छोटं बावखल (वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं) आणि दफनभूमी आहे. पाच आठवड्यांत यातलं काय हाती घ्यावं?

दुसरी अडचण लोकांची. काही जण म्हणतात, "पर्यावरण सरकारने बघावं, चर्चने आत्मे सांभाळावेत." काही बायबलच्या उत्पत्ती या पुस्तकातलं १:२८ (अध्याय १, वचन २८) दाखवतात की देवानेच माणसाला पृथ्वीवर सत्ता दिली. मिस्सेआधी (चर्चमधल्या उपासनेआधी) चार-पाच मिनिटं बोलायचं झालं तर कशावर बोलावं?

ओलीमाती

सत्तेचा मुद्दा आला की १:२८ वर थांबू नका, पुढच्याच अध्यायात चला. २:१५ मध्ये माणसाला एदेन बागेत ठेवलं ते तिची मशागत आणि राखण करायला. म्हणजे सत्ता दिली ती राखणदाराला. बायबलच्याच लेवीय या पुस्तकाच्या २५व्या अध्यायात सातव्या वर्षी जमिनीलाही विसावा आहे, आणि त्याच अध्यायाच्या २३व्या वचनात देव सांगतो की जमीन कायमची विकू नका, ती माझी आहे, तुम्ही माझ्याजवळ परके आणि उपरे आहात. वाडी (बागायती जमीन) ठेवायची की बिल्डरला द्यायची हा प्रश्न घराघरात असलेल्या वसईत याहून जड वचन मला दिसत नाही. चार मिनिटांत एकच वचन घ्यायचं तर हेच घ्या. वेळ उरला तर बायबलच्या 'अनुवाद' या पुस्तकातलं २०:१९-२० जोडा: शहराला वेढा घालून बसलेल्या सैन्यालाही फळझाडांवर कुऱ्हाड चालवायची मनाई आहे.

"जग नष्टच होणार आहे" म्हणणाऱ्यांसाठी बायबलमधल्या 'रोमकरांस' या पत्रातलं ८:२१ आहे. तिथे सृष्टीलाही नाशाच्या दास्यातून सुटकेची आशा दिली आहे.

चर्चचा संबंध काय, याचं उत्तर इतिहासात मिळतं. १ सप्टेंबर हा ऑर्थोडॉक्स (पूर्वेकडच्या ख्रिस्ती) चर्चच्या उपासना-वर्षाचा पहिला दिवस. त्या चर्चचे पॅट्रिआर्क (धर्मप्रमुख) दिमित्रिओस यांनी १९८९ मध्ये तो सृष्टीसाठी प्रार्थनेचा दिवस ठरवला, आणि पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये तो कॅथलिक चर्चमध्ये आणला. ४ ऑक्टोबर असिसीच्या संत फ्रान्सिसचा सण. पोप फ्रान्सिस यांच्या त्याच २०१५ च्या 'लाउदातो सी' या पर्यावरणावरच्या परिपत्रकात परिच्छेद ४९ मध्ये पृथ्वीचा आक्रोश आणि गरिबांचा आक्रोश एकत्र ऐकायला सांगितलं आहे. आणि वसईत तर हे नव्याने सांगायलाही नको. बेसुमार बांधकाम आणि टँकरने चाललेला पाण्याचा उपसा याविरुद्ध 'हरित वसई' चळवळ उभी राहिली, तिच्या अग्रभागी फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते.

झरा_मोकळा

आता पाण्याचा हिशेब. १ चौरस मीटरवर १ मिमी पाऊस म्हणजे १ लिटर. वर्षाला २,००० मिमी धरला आणि कौलांवरची गळती-वाफ सोडून ८० टक्के हाती लागले, तर तुमच्या छपरावरून ६ लाख ४० हजार लिटर पाणी मिळतं. दहा हजार लिटरच्या टँकरच्या भाषेत ६४ टँकर, आणि आज ते गटारात जातं.

किनाऱ्यालगत हे विशेष महत्त्वाचं. जमिनीखाली गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. सर्वसाधारण नियम असा की समुद्रपातळीच्या वर गोड्या पाण्याची पातळी १ मीटर असेल तर खाली सुमारे ४० मीटरपर्यंत गोडं पाणी टिकतं. उपशाने वरचा मीटर गेला की खालून खारं पाणी चढतं. एकदा विहीर मचूळ झाली की एका पावसाळ्यात सुधारत नाही.

योजना बहुतेक ठिकाणी फसते ती उभ्या पाइपांवर. तासाला १०० मिमीच्या सरीत ११० मिमीचा एक पाइप जेमतेम ४० चौरस मीटर छपराचं पाणी वाहून नेतो. म्हणजे तुम्हाला दहा पाइप लागतील. लोक दोन लावतात, पन्हळ ओसंडते, आणि मग "काही उपयोग नाही" म्हणून सगळं सोडून देतात. पहिल्या सरीचं १ ते २ मिमी पाणी, म्हणजे ४०० ते ८०० लिटर, बाहेर सोडायची सोय ठेवा. त्यात धूळ आणि पक्ष्यांची विष्ठा असते. विहिरीआधी गाळणीची टाकी: तळाला ४० मिमी खडी, मध्ये २० मिमी, वर जाड रेती, प्रत्येक थर ३० सेंटीमीटर आणि थरांमध्ये जाळी. रेतीचा वरचा ५ सेंटीमीटर थर दर मे महिन्यात खरवडून बदलायचा. गाड्या उभ्या राहतात त्या फरशीवरचं पाणी विहिरीत अजिबात सोडू नका, त्यात तेल असतं.

सप्टेंबरमध्ये मोठा पाऊस संपत आलेला असतो. तेव्हा या पाच आठवड्यांत मापं आणि अंदाजपत्रक करा, काम मेअखेर पुरं करा. झाडांचंही तेच. खड्डे मे महिन्यात ६० सेंटीमीटर लांब-रुंद-खोल, लागवड जूनच्या पहिल्या चांगल्या पावसानंतर. उंडी, करंज, बकुळ, सुरंगी निवडा, आणि फेब्रुवारी ते मे पाणी कोण घालणार त्याचं नाव रोपाआधी ठरवा.

बावखलातली जलपर्णी मात्र आत्ताच काढा. मुळासकट काढायची. तुकडे राहिले तर अनुकूल हवेत दोन आठवड्यांत पसारा दुप्पट होतो. ढीग काठावर ठेवू नका, कुजून त्याचं खत परत पाण्यात उतरतं. गाळ मात्र एप्रिल-मेमध्येच, पाणी तळाला गेल्यावर.

वाडीकाठ

खूप उपयोगी. एक देणगीदार बावखलाला चारी बाजूंनी काँक्रीटची भिंत आणि फरशीची पायवाट करून द्यायला तयार आहेत. घ्यावं का? आणि वेदीची फुलं, दफनभूमी यांचं काय?

मोगऱ्याची_वेणी

वेदीवरच्या सजावटीत फुलं ज्या हिरव्या स्पंजात खोचतात तो आधी बंद करा. तो प्लास्टिकचाच प्रकार आहे. बोटाने दाबला तरी भुगा होतो, आणि भांडं धुतलं की तो भुगा मोरीतून थेट बाहेर. त्याऐवजी कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी, साधारण ४५ सेंटीमीटरचा चौकोन, चुरगळून कुंडीत बसवा. देठ घट्ट राहतात आणि जाळी वर्षानुवर्षं चालते. पाणी दर दोन दिवसांनी बदला. आठवडाभर साचलं की डास होतात.

उतरलेल्या फुलांसाठी १ मीटर लांब-रुंद आणि पाऊण मीटर खोल खड्डा पुरतो. दोरा, जर, टाचण्या काढून एक घमेलं फुलांना दोन घमेली सुका पाला. ओल पिळलेल्या फडक्याइतकी असावी. आठवड्याला एकदा परतायचं, दोन महिन्यांच्या आसपास खत होतं. उग्र वास आला तर पाला कमी पडलाय. मुंग्या लागल्या तर पाणी कमी पडलंय. पावसात वर झाकण हवंच, नाहीतर नुसता चिखल होतो.

दफनभूमीचा खरा कस २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, लागतो, पण सूचना सप्टेंबरमध्येच द्यायला हवी, कारण घरोघरी खरेदी आधी होते. प्लास्टिकची फुलं, थर्माकोलचे क्रूस नकोत, इतकं स्पष्ट लिहा. मेणबत्त्यांसाठी प्रत्येक रांगेत ५ सेंटीमीटर रेतीचा पत्र्याचा ट्रे ठेवा, मेण मातीत मुरत नाही. उरलेलं मेण पाण्यात ठेवलेल्या दुसऱ्या भांड्यात वितळवून सुती कापडातून गाळा. थेट आचेवर ठेवू नका, पेट घेतं.

झरा_मोकळा

काँक्रीटच्या भिंतीला नाही म्हणा. बावखलाचं पाणी तळातून आणि कडांतून मुरतं, म्हणूनच आजूबाजूच्या विहिरी तग धरतात. कडा बांधल्या की बावखलाचा हौद होतो. काठ ढासळत असेल तर वाळा लावा, नाहीतर सिमेंट न भरता नुसते दगड रचा. जागा सातबाऱ्यावर कोणाच्या नावावर आहे ते आधी पाहा. दोन-तीन कुटुंबांची सामाईक निघाली तर गाळ काढण्याआधी सगळ्यांची लेखी संमती घ्या. देणगीदारांना दहा पाइप, पन्हळ आणि गाळणीच्या टाकीचं अंदाजपत्रक दाखवा. त्यांना नावाची पाटीच हवी असेल तर ती गाळणीच्या टाकीवरही लावता येते.