उत्तर: उत्तर: रविवारची सहल, पॅरामॅटा पार्क, सिडनी. कुत्री आणायची का?

मेधा (सहल समिती)

मंडळी, आज रात्रीपर्यंत एवढं एकच सांगा. शेड मिळालीय ती बार्बेक्यूला लागून, समोर मुलांचे झोपाळे. चार घरांनी विचारलंय, कुत्रं आणलं तर चालेल का. गेल्या वर्षी लेन कोव्हला गेलो होतो, नॅशनल पार्क म्हणजे कुत्र्यांना मुळातच बंदी, त्यामुळे विषयच निघाला नाही. पॅरामॅटा पार्कात लीशवर, म्हणजे पट्ट्याला धरून, चालतात. हो किंवा नाही, इतकंच लिहा. मसालेभाताचा आकडा वेगळ्या मेलवर.

शिरीष

हो किंवा नाही असं नसतं, मेधा. आपल्या राज्याचा पाळीव प्राण्यांचा कायदा, 1998 चा कंपॅनियन ॲनिमल्स ॲक्ट, कलम 14 बघ. मुलांच्या खेळण्यांपासून 10 मीटरच्या आत कुत्रं न्यायचं नाही. अन्न शिजवायच्या किंवा खायच्या सोयीपासूनही 10 मीटर. म्हणजे बार्बेक्यू आला, शेडमधलं टेबल आलं. पार्कात कुत्रं चालतं हे खरं, पण आपण जिथे बसणार नेमकं तिथेच चालत नाही.

मात्र कायदा त्या जागेत पुरवलेल्या सोयीबद्दल बोलतो. घरून नेलेलं घडीचं टेबल त्यात मोडतं का? माझ्या मते नाही. चटई तर नाहीच नाही.

अण्णा

माजी अध्यक्ष या नात्याने लिहितो. आम्ही 2009 च्या सहलीला कुत्र्यांना परवानगी दिली होती. एका लॅब्राडोरने पुरणपोळ्यांचा अख्खा डबा संपवला, चाळीस माणसं कटाच्या आमटीवर घरी गेली. तेव्हाच ठराव केला होता, तो कुठल्या फाइलमध्ये आहे ते विद्यमान समितीने शोधावं. माझं तर मत आहे की शहराने बागांत कुत्री घेऊच नयेत. गवतावर सतरंजी टाकायची तर आधी वाकून गवत तपासायचं, ही काय बाग झाली?

नंदिनी

अण्णा, तो लॅब्राडोर नव्हता. आमचा बीगल होता. आणि डबा सतरंजीवर उघडा टाकून पत्ते खेळायला कोण बसलं होतं, ते मी इथे लिहीत नाही.

प्रसाद, हॅरिस पार्क

अण्णांच्या बागेच्या मुद्द्यावर. तुमचं कासल हिलला घर आहे, मागे अंगण आहे. आम्ही अकराव्या मजल्यावर. 2020 मध्ये कोर्टाने डार्लिंगहर्स्टच्या इमारतीतली सरसकट पाळीव प्राणीबंदी रद्द ठरवली, 2021 मध्ये इमारतींचा कायदाही बदलला, तेव्हापासून फ्लॅटमध्ये कुत्री वाढली. त्यांनी जायचं कुठे? लिफ्टमध्ये? प्रत्येक काउन्सिलला निदान एक ऑफ-लीश, म्हणजे कुत्री मोकळी सोडायची, जागा ठेवावीच लागते, तेही शिरीषने सांगितलेल्या कायद्यातच आहे. शिरीष, हे कलम वाचलं नाहीस का?

शिरीष

वाचलंय. कलम 13. पण सहल ऑफ-लीश जागेत नाही.

संजीवनी

मी सहसा लिहीत नाही. मिरजेला सहावीत असताना मला कुत्रं चावलं. पोटात चौदा इंजेक्शनं, रोज एक, बाबांच्या सायकलच्या दांड्यावर बसून जायचे. कालच्या जागी आज टोचू नये म्हणून आई रात्री पोटावर शाईने ठिपका काढायची आणि अंघोळीला तेवढी जागा कोरडी ठेवायची. आज नातवंडं आहेत, तरी लीश ताणलेली दिसली की माझे पाय जागच्या जागी थांबतात. कुत्री आणा, माझी ना नाही. मी येणार नाही इतकंच.

तन्वी

संजीवनीकाकू, असं नका हो करू. चारांपैकी एक मीच. ऑस्ट्रेलियात कुत्र्यांमध्ये रेबीज नाही. आणि आमचा बंड्या तर नाशिकचा, रस्त्यावर सापडलेला. भारतातून कुत्रं थेट आणता येत नाही, आधी दुसऱ्या मान्य देशात ठेवावं लागतं. हा सिंगापूरला माझ्या नणंदेकडे सहा महिन्यांहून जास्त राहिला, मग मेलबर्नजवळ मिकलहॅमला क्वारंटाइन. रक्ताच्या तपासण्या, चिप, शिक्के, सगळं झालंय. त्याची फाइल माझ्या पीआरच्या, म्हणजे इथे कायमचं राहायच्या परवान्याच्या, फाइलपेक्षा जाड आहे. भात खातो आणि झोपतो, काकू.

संजीवनी

रेबीज नाही हे मला माहीत आहे गं. माझ्या पायांना माहीत नाही.

प्रसाद, हॅरिस पार्क

नाशिकला कुठे सापडला? आम्ही गंगापूर रोडचे.

अण्णा

ठराव सापडला का?

मेधा (सहल समिती)

ठराव सापडला नाही. ऑफिसातून येताना पार्कात जाऊन आले. कपडे वाळत घालायची नवी दोरी घेतली, पाकिटावर 10 मीटर लिहिलेली. एकदा बार्बेक्यूपासून ताणली, एकदा टेबलाच्या कडेपासून, एकदा झोपाळ्यांपासून. एक माणूस कुत्र्याला फिरवत होता, तो थांबून बघत राहिला. त्याच्या कुत्र्याने दोरीचं दुसरं टोक तोंडात धरलं, त्यामुळे शेवटचं माप मात्र सोपं गेलं.

तिन्हींच्या बाहेर आणि तरीही सावलीत अशी एकच जागा निघते, पायवाटेपलीकडच्या मोठ्या झाडाखाली. कुत्रेवाल्यांच्या चटया तिथे. पानं भरून तिकडे न्यायची, कुत्रं सोडून शेडमध्ये यायचं नाही. साडेबारानंतर ऊन तिकडे सरकतं, पाणी आपापलं आणा. संजीवनीकाकूंची खुर्ची शेडच्या दुसऱ्या टोकाला, पाठ भिंतीला. काकू, तुम्हाला मी घ्यायला येतेय, दहाला. नाही म्हणू नका, गाडीत कुत्रं नसेल.

शिरीष

टेबलाच्या कडेपासून मोजलंस हे बरोबर. पण झोपाळ्याचं माप खांबापासून घेतलंस की झोका पुढे गेल्यावर जिथे पोचतो तिथपासून?

खजिनदार

मसालेभाताचे आकडे फक्त अकरा घरांनी कळवलेत. दोरीचं बिल सहलीच्या खात्यात बसणार नाही.