गलाईवरून कायमचा घरी आलोय, लेकीला अँट-मॅनचं वेड आहे. कुठून सुरुवात करू?

विट्याचा_पप्पा :

नमस्कार मंडळी. मी विट्याजवळचा, सांगली जिल्हा. आमच्या भागातली निम्मी माणसं गलाईला बाहेर असतात हे तुम्हाला माहीत असेलच, सोनं-चांदी गाळायची दुकानं, कुणी केरळात कुणी बंगालात. मी तमिळनाडूत होतो. सुरुवातीला बायको तिकडंच होती पण मुलीच्या शाळेसाठी दोघी गावी आल्या आणि मी एकटा तिकडं, मग दिवाळी, दसऱ्याची पालखी शर्यत आणि गावची जत्रा एवढ्यालाच गाठभेट. आता भट्टीचा आणि ॲसिडचा धूर छातीला सोसेना म्हणून दुकान भावकीतल्या एका पोराकडं सोपवलं आणि कायमचा घरी आलोय, इथंच काहीतरी बारकं टाकायचं चाललंय.

मुलगी सहावीत आहे. घरात माझा थोरला भाऊ, त्याला ती आप्पा म्हणते. सायकलची चेन पडली आप्पा, ताप आला आप्पा, शाळेत मीटिंग आप्पा. परवा प्रगतीपुस्तक आलं तेव्हा मी सोप्यातच बसलेलो, हिशोब लिहीत होतो, पेन माझ्या हातात होता. पोरगी माझ्या समोरनं पाठीमागं गोठ्यात गेली, आप्पाची सही घेतली आणि उड्या मारत परत आली. तिच्या मनात काही नव्हतं, तिला सवयच ती. भावाबद्दल माझी काडीची तक्रार नाही, त्याचे उपकार मी फेडू शकत नाही.

तर तिला अँट-मॅन, तो मुंगीएवढा होणारा मार्व्हलचा सुपरहिरो, लई आवडतो. चुलतभावाच्या मोबाईलवर तुकडे तुकडे बघितलेत तिनं. मला सांगत होती, पप्पा त्याला पण एक मुलगी असते आणि जेलमधून सुटून आल्यावर त्याला तिला नीट भेटू पण देत नाहीत. मला आता हे सगळं तिच्याशेजारी बसून पहिल्यापासनं बघायचंय. कुठला पिक्चर आधी, कुठला नंतर? मार्व्हलचे सगळेच बघावे लागतात का? आमच्या आईचं म्हणणं घटस्फोट, सावत्र बाप असलं पोरीला दाखवू नको, त्यावर पण सांगा. आणि मला खरं विचारायचंय ते हे, की त्या पिक्चरमधला बाप मुलीला परत जोडला कसा जातो? शेवटी जग वाचवलं आणि सगळं गोड झालं असंच आहे का त्यात काही खरं पण आहे?

सातारी_कॉमिक्सवाला :

दादा, एकदम मनातला प्रश्न विचारलात, जरा मोठं लिहितो, सांभाळून घ्या.

क्रम सोपा आहे. अँट-मॅन (२०१५), मग कॅप्टन अमेरिका सिव्हिल वॉर (२०१६), मग अँट-मॅन अँड द वास्प (२०१८), मग ॲव्हेंजर्स एंडगेम (२०१९), शेवटी क्वांटुमेनिया (२०२३). मार्व्हलचे बाकीचे डझनावारी पिक्चर नाही बघितले तरी बाप-लेकीची गोष्ट कळते. हिंदी डबिंग आहे सगळ्यांना.

तुमच्या खऱ्या प्रश्नाचं, बाप मुलीला परत जोडला कसा जातो त्याचं उत्तर पहिल्या पिक्चरच्या पहिल्या अर्ध्या तासात आहे. स्कॉट लँग जेलमधून सुटतो, सॅन फ्रान्सिस्कोत मित्राच्या खोलीवर राहतो, आइस्क्रीमच्या दुकानात कामाला लागतो आणि जेलचं रेकॉर्ड कळल्यावर तिथनं पण काढतात. मुलीच्या वाढदिवसाला न बोलावता जातो. तिथं तिची आई त्याला सरळ सांगते की आधी राहायला जागा बघ, नोकरी धर, मुलीच्या खर्चाचे पैसे दे आणि मग भेटायचं बोलू. म्हणजे मुंगीएवढं करणारा तो सूट अंगावर यायच्या आधीच त्याच्यासमोर काय मांडलंय बघा, भाडं, पगार, वेळेवर पैसे. मला तर हे आख्ख्या सुपरहिरो प्रकारात सगळ्यात खरं वाटतं. ती बाई वाईट दाखवलेली नाही, उलट त्याला म्हणते की मुलगी तुला आधीच हिरो समजते, तू फक्त तसा हो.

आणि सावत्र बाप म्हणजे पॅक्स्टन, पोलिसातला माणूस. त्याला व्हिलन करणं किती सोपं होतं. पण तो स्कॉटच्या मुलीवर, कॅसीवर, मनापासून जीव लावतो, तिच्या काळजीपोटीच स्कॉटवर चिडतो. शेवटी यलोजॅकेट, म्हणजे तसाच सूट घातलेला व्हिलन, मुलीच्या खोलीत घुसतो तेव्हा स्कॉट तिच्यासाठी स्वतः मरायला निघालाय हे पॅक्स्टन डोळ्यांनी बघतो, मग रिपोर्टात त्याला सांभाळून घेतो आणि मग सगळे एका टेबलावर जेवायला बसतात. तुमच्या आईंना हा सीन दाखवा, त्यांची काळजी मिटेल असं मला वाटतं.

त्या खोलीतली मारामारी तर नीट बघाच. दोघं मुंगीएवढे होऊन खेळण्यातल्या रेल्वेच्या रुळांवर लढतात. आत कॅमेरा असला की गाडी धडधडत अंगावर येते, आवाज, धूर, आता चिरडणार असं वाटतं, आणि एकदम बाहेरनं दाखवतात तर ते प्लॅस्टिकचं इंजिन टक् करून आडवं पडतं, बास. आणि हे सगळं मुलीच्या खोलीत, तिच्या खेळण्यांत चाललंय. बापाची सगळ्यात मोठी लढाई लेकीच्या जमिनीवरच्या पसाऱ्यात ठेवलीय, मला हे भयंकर आवडतं.

वाळव्याचा_गडी :

मला एक खटकतं ते बोलतो. तो बाप चोर आहे हो. जेलमधनं आल्यावर परत तिजोरी फोडायलाच जातो. पोरांना काय शिकवायचं यातनं, की पैसे कमी पडले की चोरी करा आणि मग कुणीतरी म्हातारा सायंटिस्ट येऊन तुम्हाला सूट देईल? आमच्याकडं दोन-दोन वर्षं कामाशिवाय बसलेली पोरं आहेत, त्यांनी चोऱ्या नाही केल्या.

सातारी_कॉमिक्सवाला :

भावा, मुद्दा बरोबर आहे आणि तो पोरीशी बोलावाच. पण जेलमध्ये तो ज्यासाठी गेला ते वेगळं होतं, कंपनी गिऱ्हाइकांकडनं जादा पैसे उकळत होती, यानं सिस्टीममध्ये शिरून ते लोकांना परत दिले. तरी शिक्षा झालीच आणि पिक्चर त्याला माफ करत नाही, मुलीची ती सगळी वर्षं गेली ती गेलीच. दुसऱ्या चोरीचं समर्थन मी पण करणार नाही, पण काम मिळत नाही म्हणून माणूस घसरतो हे दाखवलंय, लपवलेलं नाही.

कॉमिक्समध्ये तर हे अजून टोकाचं आहे. मूळ अँट-मॅन हँक पिम, म्हणजे तोच सायंटिस्ट, १९६२ चा. स्कॉट लँग १९७९ साली आला, डेव्हिड मिशेलिनी आणि जॉन बर्न यांनी आणला. तिथं कॅसीला हृदयाचा आजार असतो, जी डॉक्टर वाचवू शकते तिला एकानं डांबून ठेवलेलं, म्हणून हा सूट चोरतो. म्हणजे आधी बाप आणि मग सुपरहिरो, पहिल्या अंकापासनंच.

अपशिंगेची_लेक :

विट्याचे दादा, मी सातारा तालुक्यातल्या अपशिंग्याची. आमच्या गावाला अपशिंगे मिलिटरीच म्हणतात, घरटी कोण ना कोण फौजेत. माझे वडील पण. त्यामुळं मी तुमच्या मुलीच्या बाजूनं लिहितेय.

बाबा सुट्टीवर आले की घरात सगळे आवाज बदलायचे. आई जरा हळू बोलायची, आजी त्यांच्या आवडीचं करायची, आणि मी त्यांना चहा नेऊन द्यायचे आणि पळायचे. प्रेम नव्हतं असं अजिबात नाही, शाळेत तर मी छाती काढून सांगायचे माझे बाबा बॉर्डरवर आहेत. पण अभिमान वाटणं वेगळं आणि गणित अडलं की कुणाकडं जायचं ते वेगळं. गणिताला माझे मामा होते. बाबा रिटायर होऊन आले तेव्हा मी आठवीत, आणि त्यांनी एकच गोष्ट फार छान केली, मामांना मागं सारलं नाही. मामा आले की ते पण वही घेऊन शेजारी बसायचे, हे नवीन गणित मला पण शिकवा म्हणायचे. मला रोज सकाळी एसटी स्टॉपवर सोडायला यायचे. काही बोलायचे नाहीत, पिशवी धरायचे फक्त. दोन-चार महिन्यांनी मीच बडबडायला लागले, कोण कुणाशी बोलत नाही, कुठल्या बाई ओरडल्या, सगळं.

म्हणून मला या सिरीजमधला दुसरा पिक्चर जास्त जवळचा. तिथं स्कॉट सिव्हिल वॉरच्या भानगडीमुळं दोन वर्षं घरात नजरकैदेत आहे, पायाला पट्टा, उंबरा ओलांडला की पोलीस दारात. आणि हा माणूस काय करतो, पुठ्ठ्याची खोकी जोडून घरभर बोगदे बांधतो, लेकीबरोबर त्यातनं रांगत चोर-पोलीस खेळतो, जादूचे प्रयोग शिकतो. त्या बोगद्यात कुठलाच सूट लागत नाही त्याला. आणि पुढं शाळेतला सीन आहे, सूट बिघडतो आणि तो पहिलीतल्या पोराएवढा होऊन मुलीच्या शाळेच्या व्हरांड्यात फिरतो. थिएटरात सगळे हसले, माझ्या मात्र डोळ्यात पाणी आलं, कारण बाबा त्या बुटक्या बाकावर पाय दुमडून माझ्या मामांकडनं गणित शिकत बसलेले आठवले.

दादा, आप्पांची जागा घ्यायला जाऊ नका. दुसरी जागा तयार होते, होतेच. तिच्या दिवसातलं एखादं रोजचं काम तुम्ही धरा आणि सोडू नका, पाऊस असो नाहीतर गावात लग्न असो.

मिरजेचे_सर :

मी शाळेत विज्ञान शिकवतो, त्यामुळं थोडं वेगळं. पिक्चर बघताना मुलगी विचारणारच की माणूस खरंच मुंगीएवढा होईल का. मोबाईलवर उत्तर शोधून देऊ नका, तिच्याबरोबर करून बघा. लुडोचे आठ फासे घ्या. एक फासा म्हणजे छोटा माणूस. आता लांबी, रुंदी, उंची तिन्ही दुप्पट करून मोठा ठोकळा रचा, आठच्या आठ फासे लागतात, म्हणजे वजन आठपट. पण खालचा तळ बघा, तिथं चारच फासे आहेत. वजन आठपट आणि पाय चारपट, मग एवढा मोठा झालेला माणूस स्वतःच्या पायावर उभा राहणार कसा. दुसऱ्या पिक्चरमध्ये तो प्रचंड मोठा झाल्यावर दमून समुद्रात बेशुद्ध पडतो ना, तिथं पॉज करून हे दाखवा. आणि हेच उलटं केलं की मुंगी आपल्या वजनाच्या कितीतरी पट ओझं का उचलते ते कळतं, शरीर लहान झालं की वजन फार झपाट्यानं कमी होतं, स्नायूंची ताकद त्यामानानं कमी घटते. मुंगीला मात्र पाण्याच्या थेंबाची भीती जास्त, चिकटून बसतो तो तिला. पिक्चरवाल्यांनी पिम पार्टिकल्स काढलेत, अणूंमधलं अंतर कमी होतं म्हणे, ती कल्पना आहे हे पण तिला सांगा, मुलांना खरं-खोटं वेगळं करायला मजा येते.

अजून एक सुचतंय. आकार बदलणारा वीर आपल्याकडं समर्थांनी घरोघरी पोचवलाय. भीमरूपी स्तोत्रात अणूपासून ब्रह्मांडाएवढा होणारा मारुतीच आहे, तुमची मुलगी रोज म्हणत पण असेल. अकरा मारुतींपैकी बह्याचा मारुती तुमच्या जिल्ह्यातच, कृष्णेच्या पात्रातल्या बेटावर. नदीला पाणी कमी असताना दोघंच जा. मोटरसायकलवरनं जाताना मुलं जे बोलतात ते घरी बोलत नाहीत, हे मी माझ्या दोन मुलांवरनं सांगतोय.

विट्याचा_पप्पा :

सगळ्यांचे मनापासून आभार. अपशिंगेच्या ताई, तुमचं बायकोला वाचून दाखवलं, ती बराच वेळ काही बोललीच नाही, मग म्हणाली ट्यूशनला सोडायला तुम्हीच जात जावा. तेव्हापासनं जातोय.

रविवारी रात्री पहिला पिक्चर बघितला. आप्पाला पण बसवलं, आई पण खाटेवर पडून बघत होती आणि मधे मधे विचारत होती आता हा कुठं गेला, दिसंना. वाढदिवसाच्या सीनला बापानं तो विद्रूप ससा आणलेला असतो आणि मुलीला तोच लई आवडतो, तिथं आमची पोरगी माझ्याकडं बघून हसली. मी एकदा मदुराईवरनं अशीच एक बाहुली आणलेली, एक डोळा तिरका. ती अजून आहे म्हणे तिच्या कपाटात, मला माहीतच नव्हतं. आप्पाला ते रेल्वेचं एवढं आवडलं की दोनदा मागं घेऊन लावायला लावलं. आईला पॅक्स्टन पसंत पडला, आता घटस्फोटाचं काही बोलत नाही.

फाशांचं पण केलं सर, पोरीनं तर सत्तावीसचा ठोकळा पण रचायचा हट्ट धरला, फासे कमी पडले म्हणून साबणाच्या वड्या कापल्या.

आता पुढचं विचारतो. एंडगेम तिच्यासोबत बघू का नको? त्यात तो बाप परत येतो तर पोरगी मोठी झालेली असते असं ऐकलंय. मलाच जरा धडधडतंय.

सातारी_कॉमिक्सवाला :

बघा, पण आधी तुम्ही एकट्यानं तो भाग बघून घ्या. स्कॉट क्वांटम रेल्ममध्ये, म्हणजे अणूपेक्षाही बारीक जगात, अडकलेला असतो, त्याच्यासाठी पाच तास जातात आणि बाहेर पाच वर्षं. बाहेर आल्यावर थानोस नावाच्या व्हिलननं गायब केलेल्या माणसांच्या नावांचे दगड उभे असतात, त्यात तो पळत पळत कॅसीचं नाव शोधतो, आणि सापडतं त्याचं स्वतःचं. मग घरी जातो, दार उघडणारी मुलगी त्याच्या खांद्याला लागलेली. दोघं एकमेकांना ओळखतात. फार बोलणं नाही त्यात. लहान कॅसी अ‍ॅबी रायडर फोर्टसन होती, इथं एमा फरमन आहे आणि क्वांटुमेनियात कॅथरीन न्यूटन, त्यामुळं मुलगी विचारेल ही कोण, आधीच सांगून ठेवा.

एंडगेम तीन तासांचा आहे आणि बाकी गोष्ट आधीचे पिक्चर न बघता तिला जड जाईल, मारामारी पण बरीच. सिव्हिल वॉरचं पण तेच, तिथं फक्त लाइपझिगच्या विमानतळाचा भाग लावा, स्कॉट पहिल्यांदा अवाढव्य होतो तो. मग थेट २०१८ चा. पुठ्ठ्याची खोकी मात्र आधीच जमवून ठेवा, बघून झाल्यावर रात्रीच मागणार ती.

अपशिंगेची_लेक :

किराणा दुकानातनं मोठी खोकी मिळतात, टीव्ही-फ्रिजवाल्याकडं अजून मोठी. आणि आप्पांना पण घ्या बांधायला.