मदत हवी आहे: ‘दऱ्याखोरी’ डोमेन मागितलं, ‘दर्याखोरी’ नोंदवलं गेलं

डोंगरवाटांच्या नोंदींसाठी ‘दऱ्याखोरी’ हे देवनागरी डोमेन घेतलं. पैसे भरले आणि पॅनलवर नाव दिसलं ‘दर्याखोरी’. आधी वाटलं, फॉन्टची गडबड असेल. पण फोनवर ‘दऱ्याखोरी’ टाइप केलं तर साइट सापडत नाही, रफार देऊन लिहिलं की लगेच उघडते. दरीच्या जागी समुद्र आला, शब्दच बदलला. म्हणून सोडून देववत नाही. नाव जुन्या वर्ड फाइलमधून कॉपी केलं होतं. विक्रेत्याकडून “नोंद बरोबर आहे” एवढंच उत्तर आलं.

नाव दुरुस्त होतं का? नवीन घ्यायचं तर आधी काय तपासू? आणि ‘संपर्क’ असा देवनागरी ईमेल पत्ता त्यावर चालेल का?

प्रतिसाद

दुरुस्ती होत नाही, नवीनच नोंदवावं लागेल. नोंदणी ताजी असेल तर रद्द करून पैसे मिळतात का ते आजच विचारा.

गोची त्या आडव्या अर्ध्या ‘र’ची आहे. तो दोन तऱ्हांनी लिहिला जातो. एक, ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर (युनिकोड ०९३१) आणि हलन्त. दुसरी, साधा ‘र’, हलन्त आणि मागे झेडडब्ल्यूजे हे न दिसणारं जोडचिन्ह. जुन्या फाइलींत बहुधा दुसरी सापडते. डोळ्यांना दोन्ही सारखेच. डीएनएसमध्ये, म्हणजे नावावरून साइटचा पत्ता शोधणाऱ्या यंत्रणेत, मात्र देवनागरी जात नाही, ‘एक्सएन’ आणि दोन जोडरेघांनी सुरू होणारं प्युनीकोड, म्हणजे रोमन अक्षरं-आकड्यांतलं रूप जातं. २००३च्या आयडीएनए नियमांत (रोमनेतर लिप्यांतल्या डोमेनांचे नियम) झेडडब्ल्यूजे गाळलं जायचं. ते गळलं की उरतो रफार. २०१०मध्ये आलेल्या नियमांनी हलन्तानंतर ते चालवून घेतलं, पण कोणती चिन्हं घ्यायची हे प्रत्येक रजिस्ट्री (डोमेनांची मूळ नोंद ठेवणारी संस्था) आपलं आपण ठरवते. म्हणून झेडडब्ल्यूजेच्या वाटेला जाऊच नका, ‘ऱ’वालं नाव घ्या. पैसे भरण्याआधी विक्रेत्याने दाखवलेलं प्युनीकोड परत देवनागरीत उलटवून पाहा.

ईमेलमध्ये डोमेनचा भाग प्युनीकोडमध्ये चालतो. ‘संपर्क’साठी मात्र पाठवणारा आणि घेणारा, दोन्हीकडच्या सर्व्हरना एसएमटीपीयूटीएफ८ (रोमनेतर ईमेल पत्ते हाताळायची सोय) यायला हवं. अजून पुष्कळ ठिकाणी ते नाही, तेव्हा जोडीला एक रोमन पत्ता ठेवाच.

मूळ धागाकर्ता

मनापासून आभार. फाइलमधल्या नावात चिन्हं मोजली तर दहा भरली, फोनवर टाइप केलेल्यात नऊ. ते दहावं म्हणजे झेडडब्ल्यूजेच! ‘ऱ’वालं नाव मोकळं आहे, उलटवून पाहिलं, बरोबर येतंय. आज घेतो. रफारवालं मुदत संपेपर्यंत ठेवून नव्याकडे वळवतो, काहींना तो दुवा आधीच दिलाय. साइट सुरक्षित उघडावी म्हणून लागणाऱ्या एसएसएल प्रमाणपत्राला नावाचं कोणतं रूप द्यायचं?

प्रतिसाद

प्युनीकोड. सर्व्हरच्या कॉन्फिग फाइलमध्येही तेच लिहा. आणि वळवायच्या आधी जुन्या नावाचंही प्रमाणपत्र घ्या, नाहीतर त्या दुव्यावर येणाऱ्यांना नव्या पानाआधी ब्राउझरचा इशारा दिसेल.