मदत हवी आहे : कपारीतल्या बेडकांची नोंद कशी ठेवू?

नमस्कार मंडळी. आमचं शेत कन्नड तालुक्यात, सातमाळ्याच्या पायथ्याशी. वरच्या कपारीत बारमाही पाझर आहे. वैशाखात बाहेर अंग भाजत होतं, तेव्हा आत ओल्या फटींत १६ बेडूक मोजले. पाय पोटाशी घेऊन चिकटलेले, फक्त गळ्याखालची कातडी हलत होती. बेडूक कातडीतूनही श्वास घेतो. ती सुकली की संपलंच. मृगाचा पाऊस झाला आणि दोन दिवसांत कपार रिकामी, खाली डबक्यात डरांव डरांव सुरू!

आता तिथलं पाणी मोटारीनं उपसायचं घाटतंय. जीव तुटतो हो. बोटांच्या टोकांना गोल चकत्या आहेत, म्हणजे झाडबेडूकच ना? हात न लावता, फार उजेड न पाडता दर महिन्याला मोजणी कशी करावी? कुणी केली असेल तर सांगा.