अनुभव धागा: 'लिटल विच अकॅडेमिया'च्या चेटकिणी रेखाटताना, शिवताना, लिहिताना

'लिटल विच अकॅडेमिया' ही जपानी अॅनिमे कथा, लूना नोव्हा नावाच्या जादूच्या शाळेतल्या मुलींची. या मुली २०१३च्या लघुपटात पहिल्यांदा दिसल्या. २०१५मध्ये दुसरा चित्रपट आला आणि २०१७मध्ये पंचवीस भागांची मालिका. तिन्हींचे दिग्दर्शक यो योशिनारी, निर्मिती स्टुडिओ ट्रिगरची. अक्को, लॉटे, सूसी, डायना यांची चित्रं काढणारे, वेश शिवणारे, त्यांच्यावर कथा लिहिणारे अशा सगळ्यांनी इथे लिहावं. मापं द्या, साहित्य सांगा, कुठे फसतं आणि का, ते सांगा. खाली कथेतली मोठी रहस्यं उघड होणार आहेत, तेव्हा ज्यांची मालिका बघायची राहिली असेल त्यांनी आधी ती बघून यावं.

पेन्सिलटोक

चेहऱ्यापासून सुरुवात केली की चौघी बहिणी वाटायला लागतात. म्हणून आधी दोन-तीन सेंटिमीटर उंचीच्या नुसत्या काळ्या आकृत्या भरा. टोपी आणि झगा सगळ्यांचा सारखाच असतो, तरीही कोण कुठली ते कळलं पाहिजे. अक्कोचा कणा पुढे झुकलेला, वजन चवड्यांवर. सूसीची कंबर पुढे, खांदे पडलेले, मान लोंबती, हात सैल. लॉटेची कोपरं अंगाला चिकटलेली. डायनाची रेघ सरळ उभी. ती वळून बघत असेल तर वळण मानेत द्या, खांदे तसेच राहू द्या. ही आकृती नीट उतरली की चेहरा आपोआप सोपा होतो.

टोपीची कडा फार खाली आली की भुवया झाकल्या जातात. अक्कोच्या बाबतीत हे अजिबात चालणार नाही, तिचा निम्मा अभिनय भुवयांत आहे. टोपी मागे सरकवा.

डायनाच्या केसांतल्या हिरवट बटा बहुतेक जण शेवटी वरून रंगवतात आणि मग त्या चिकटवल्यासारख्या दिसतात. आधी केसांचे चार-पाच मोठे झुपके पाडा. प्रत्येक झुपका कुठून निघतो आणि कुठे वळतो हे ठरलं की हिरवा रंग त्या वळणानेच न्या.

निळीशाई

वरच्यात सूसीच्या डोळ्याची भर. एक डोळा केसांनी झाकलेला, त्यामुळे सगळा भार दुसऱ्यावर. वरची पापणी जवळपास आडवी ठेवा आणि बुबुळाचा वरचा भाग तिच्याखाली जाऊ द्या. बुबुळाच्या खाली पांढरं दिसलं की ती दचकलेली वाटते, आणि सूसी सहसा दचकत नाही.

सुईदोरा

टोपीबद्दल लिहिते, कारण वेशात सगळ्यात जास्त तीच फसते.

डोक्याचा घेर ५७ सेंमी असेल तर १ सेंमी सैल धरून ५८ घ्या. शंकूची तिरपी उंची ४५ सेंमी हवी असेल तर ४५ त्रिज्येच्या वर्तुळाचा साधारण ७४ अंशांचा तुकडा लागतो. हिशोब असा: ५८ला ३६० ने गुणा आणि २८३ ने भागा, २८३ म्हणजे त्या पूर्ण वर्तुळाचा परीघ. उंची बदलली की परीघ बदलतो आणि कोनही, म्हणून दुसऱ्याचा कागदी साचा जसाच्या तसा उचलू नका. कडेसाठी आतल्या वर्तुळाची त्रिज्या ९.२ सेंमी. पण कापताना ८.२ वरच कापा, १ सेंमी माया (शिलाईसाठी सोडलेलं जास्तीचं कापड) आत राहिली पाहिजे. त्या मायेला दर दीड सेंटिमीटरवर चिरा द्या, शिलाईच्या २ मिमी अलीकडे थांबा. चिरा दिल्या नाहीत तर कडा लाटेसारखी उठते.

कडेची रुंदी १४ सेंमीच्या आसपास. दोन कापडांमध्ये बकरम (कडक अस्तर) घाला आणि बाहेरच्या कडेच्या गोटात पातळ तार ओवा. गोल कडेत कापडाचा काही भाग उरेब (विणीला तिरका) येतोच आणि उरेब कापड ताणलं जातं, त्यामुळे तारेशिवाय नुसतं बकरम कालांतराने लोळतं. टोकाला मोड हवी असेल तर तिथल्या वरच्या १५ सेंमीत बकरम घालूच नका, नुसती तार घाला.

कंबरपट्ट्याचा रंग मात्र चुकवू नका. अक्कोच्या तिघींचा लाल, डायनाच्या गटाचा निळा, अमांडाच्या गटाचा (ती, कॉन्स्टान्झ आणि यास्मिंका) हिरवा.

सोल्डर

शायनी रॉड, म्हणजे अक्कोच्या हाती येणारा जादूचा दांडा. त्यावर सात खडे आहेत आणि सात मंत्रशब्दांपैकी एकेक शब्द जागा झाला की एकेक खडा उजळतो, म्हणून सातही एकदम पेटणारा दांडा बघताना काहीतरी खटकतं. प्रत्येक खड्याला वेगळं बटण द्या.

दांड्यासाठी २५ मिमीचा पीव्हीसी पाइप, वर आकारासाठी ईव्हीए फोम (रबरासारखा मऊ फोम). खड्यांची भोकं आधी पाडा, तारा ओवा, दिवे लागतात का ते बघा, आणि मगच फोम चिकटवा. रंगाआधी फोमवर हीट गन फिरवून त्याची छिद्रं बंद करा, वर लवचीक प्रायमरचे तीन हात द्या. हे टाळलं की फोम रंग शोषून घेतो आणि दांडा वाकला की वरचा थर तडकतो.

विजेत होणारी नेहमीची चूक म्हणजे सात एलईडींना मिळून एकच रेझिस्टर (प्रवाह मर्यादित ठेवणारा सुटा भाग) लावणे. त्यात पहिला दिवा झगझगीत लागतो आणि पुढचा प्रत्येक दिवा लावला की आधीचे मंद होतात, कारण तोच प्रवाह वाटला जातो. प्रत्येकाला स्वतंत्र रेझिस्टर हवा. तीन एएए सेलचे ४.५ व्होल्ट, पांढऱ्या किंवा हिरव्या एलईडीला सुमारे ३. उरलेल्या दीड व्होल्टला १५ मिलिअँपिअरने भागलं की १०० ओहम. बटणाच्या आकाराच्या ३ व्होल्टच्या सेलवर सात दिवे नीट चालत नाहीत.

कथापट

लिहिणाऱ्यांसाठी. अक्कोवरच्या बहुतेक कथा एकाच ठिकाणी मोडतात: तिला शेवटी अचानक जादू येते. मूळ कथेत तिच्या अपयशाला ठोस कारण आहे. लहानपणी पाहिलेल्या, शारियो या चेटकिणीच्या जादूच्या खेळात तिची जादुई शक्ती हिरावली गेली. तीच शारियो पुढे अर्सुला बाई म्हणून तिला शिकवते आणि हे सत्य उशिरा बाहेर येतं. त्यामुळे मंत्र बरोबर म्हणूनही झाडू उठत नाही. हे कारण काढून टाकलं की अक्को नुसती धांदरट उरते.

डायनाही त्याच खेळाला आली होती आणि तिचीही शक्ती गेली होती. तिने ती अभ्यासाने परत मिळवली. म्हणून डायनाला गर्विष्ठ शत्रू करून लिहिणं हे मला वाचनातलं मोठं चुकणं वाटतं. दोघींचं नुकसान एकच आहे, एकीने शिस्त धरली, दुसरीने हट्ट. दोघींच्या संवादात याची धग हवी, मग टोमणे कमी पडले तरी चालतील.

प्रसंग रचताना एक साधी कसोटी लावा: अडचण सुटते तेव्हा लॉटे आणि सूसी यांना काढून टाकलं तरी ती सुटते का? सुटत असेल तर प्रसंग पुन्हा लिहा. लॉटे वस्तूंमधल्या आत्म्यांशी बोलते, तेव्हा तिच्या दृश्यात एखादी जुनी वस्तू लागतेच. तिला नुसती समजूतदार मैत्रीण केलं की ती पानावरून नाहीशी होते; फिनलंडमधलं तिचं घर दाखवणारा सोळावा भाग त्यासाठी बघा. सूसीची मदत नेहमी प्रयोगाच्या निमित्ताने येते. आठव्या भागात तिच्या मनात दडपून टाकलेल्या कितीतरी सूसी दिसतात. तिची माया लिहायची तर तिथून घ्या, पण तिच्या तोंडी देऊ नका.

चोवीस चौकटी

पहिला लघुपट तरुण अॅनिमेटर घडवण्याच्या जपानी उपक्रमातून झाला, म्हणून शिकणाऱ्यांनी तो चौकट-चौकट थांबवून बघावा.

झाडूवर तरंगण्याचं आवर्तन: सेकंदाला २४ चौकटी, प्रत्येक चित्र दोन चौकटी, २४ चित्रांत दोन सेकंदांचं एक वरखाली. झाडू आधी हलतो, अंग दोन चौकटी मागून, झग्याचा घोळ आणि केस चार चौकटी मागून, टोपीचं टोक सगळ्यात शेवटी. सगळं एकदम हललं की वजनच राहत नाही. डायनासाठी ही दिरंगाई निम्मी करा. अक्कोचा झाडू उठतच नाही, तेव्हा तिच्या उडीआधी आठेक चौकटी अंग आखडू द्या, हवेत एकच ताणलेलं चित्र, आणि जमिनीवर आल्यावर निदान दहा चौकटी स्थिर. ते थांबणं कापलं तर पडणं दिसतं, पण तिची निराशा पोचत नाही.

हिरवापट्टा

कॉन्स्टान्झबद्दल कुणीच लिहिलं नाही, म्हणून. ती जवळजवळ बोलतच नाही, तेव्हा तिच्या चित्रात आणि कथेत हातांना काम द्या: पाना, स्क्रू, यंत्राचा सुटा भाग. उंची मुद्दाम शेजारच्या यास्मिंकाशी ताडून काढा. एकटी काढली की ती लहान मूल वाटते. यास्मिंकाच्या हातात खाऊ हवाच, आणि झग्यावर चुण्या पोटापाशी कमी, खांद्यापाशी जास्त पाडा, कारण कापड तिथून लोंबतं.